ठिपका पाहायला कुठं जायचं?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो की काळ्या ठिपक्याच्या, म्हणजे 'बिंदू'च्या चित्रांसाठी ओळखले जाणारे आणि पुढं फ्रान्समध्ये राहिलेले चित्रकार सय्यद हैदर रझा 1939 ते 1943 आपल्या नागपुरात शिकले. एका ओळीचाच उल्लेख होता, पण त्यावर इतकी पत्रं आली की पोस्टमननं विचारलं, "मास्तर, लग्नाच्या पत्रिका आहेत का?" बहुतेकांना त्यांच्या पाऊलखुणांवरून फिरायचं आहे. म्हणून या महिन्यात वॉटर कलरचे कागद, मुलांची एलिमेंटरी-इंटरमिजिएट वगैरे प्रश्न बाजूला ठेवतो. ते पुढच्या अंकात.

प्रश्न : माझी मुलगी फ्रान्समध्ये लियाँला असते. मे महिन्यात तीन आठवडे तिच्याकडे जाणार आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मला चित्रं बघायचा नाद लागला आहे. रझांच्या मागावर फिरायचं तर सुरुवात पॅरिसपासून करू की दक्षिणेपासून? आमचे हे म्हणतात, ठिपका बघायला एवढ्या लांब कशाला जायचं! (एक वाचक, धरमपेठ)

ताई, तुमच्या यजमानांचं निम्मं बरोबर आहे. तो ठिपका फ्रान्सचा नाहीच. तो मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या काकैया गावच्या शाळेतला आहे. म्हणून सुरुवात धरमपेठेतून करा आणि मे लागायच्या आत करा.

रझांचा जन्म 22 फेब्रुवारी 1922 चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील वनखात्यात डेप्युटी रेंजर, त्यामुळे घराच्या चारी बाजूंना जंगल. पोराचं वर्गात लक्ष लागेना. तेव्हा नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी एक दिवस शाळा सुटल्यावर त्याला थांबवून घेतलं, भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, बाकी सगळं विसर, याच्याकडे बघत बस. रझांनी ही गोष्ट जन्मभर सांगितली. मी एकतीस वर्षं महालातल्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवलं. वर्गात लक्ष नसलेल्या पोट्ट्यांना मी काय केलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. झारिया गुरुजींचं नाव आठवलं की आजही मान खाली जाते.

तर पहिला मुक्काम नागपूर. रझा सतराव्या वर्षी इथं आले. तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं, आणि मंडल्या-दमोहकडच्या मुलाला पुढचं शिकायचं तर वाट इकडेच यायची. नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये बापूराव आठवल्यांच्या हाताखाली ते चार वर्षं होते. पुढं मुंबईत 1947 मध्ये रझांसह सहा चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला, त्यातले हरी अंबादास गाडेही आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. सूझा, हुसेन यांची नावं पुस्तकांत आधी येतात. पण त्या सहा जणांच्या पंगतीत दोघांचं पान आपल्या भागातलं, हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. नागपुरात ताई, एक सकाळ अजब बंगल्यात घालवा. आपण लहानपणी तिथं भुसा भरलेले प्राणी बघायला जायचो, पण त्या म्युझियममध्ये चित्रांचं दालनही आहे. 1863 पासूनची वास्तू शहराच्या मधोमध उभी आहे आणि धरमपेठेतल्या लोकांना शेवटचे तिथं कधी गेलो ते आठवत नाही.

दुसरा मुक्काम मंडला. फेब्रुवारीत जा. पळस फुललेला असतो आणि ऊन अजून अंगावर येत नाही. तिथं नर्मदा गावाला तीन बाजूंनी कवेत घेते, बंजर नदी येऊन मिळते, गोंड राजांच्या किल्ल्याचे अवशेष पाण्याच्या कडेला पडलेले आहेत. संध्याकाळी घाटावर बसा आणि अंधार पडेपर्यंत उठू नका. हे मी रसिकपणा म्हणून सांगत नाही. लहानपणच्या जंगलातल्या रात्रीची भीती रझांच्या मनातून कधी गेली नाही. गोंडांचा नाच तेवढा रात्री माणसांची चाहूल द्यायचा. दिवस उजाडला की धीर यायचा, आणि बाजाराच्या दिवशी उन्हात सगळं गाव रंगांनी भरून जायचं. त्यांच्या चित्रातलं ते काळं आणि काळ्याच्या शेजारी भडकलेलं लाल-पिवळं यांची जागा ही आहे. नागपुरात आता अंधारच उरलेला नाही, वर्धा रोडला तर रात्री दोनलाही पेपर वाचता येतो. मंडल्याच्या पलीकडे अजून थोडा शिल्लक आहे, तो बघून घ्या. मग फ्रान्समध्ये काय शोधायचं ते कळेल.

आता फ्रान्स. पॅरिसला दोन दिवस पुरे. नदीच्या डाव्या काठाला, लूव्र संग्रहालयाच्या साधारण समोर, कलाशाळा आहे. 1950 मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन रझा तिथं गेले आणि 1953 पर्यंत शिकले. पुढं त्यांची राहती जागा शारोन रस्त्यावर होती. पाटी वगैरे शोधत फिरू नका, तो रस्ता एकदा चाला आणि कोपऱ्यावर कॉफी घ्या. पाँपिदू कलाकेंद्रात 2023 साली त्यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं, पण ती इमारत सध्या मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे. तेव्हा मुलीला तिथली तिकिटं काढायला सांगू नका.

खरे दिवस दक्षिणेला द्या. लियाँहून जलद गाडीनं एक्स-आँ-प्रोव्हाँसला जा. तुम्ही म्हणाल, हे तर फ्रेंच चित्रकार सेझानचं गाव! हो, त्यासाठीच. 1948 साली रझा काश्मीरला चित्रं काढत होते. तिथं त्यांना फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ भेटला. चित्रं बघून तो म्हणाला, हात चांगला आहे, पण चित्राला बांधणी नाही. सेझानचा अभ्यास कर. दुसरा कोणी असता तर रागावला असता. हे मुंबईला परतले आणि फ्रेंच शिकायला लागले. फोटोग्राफरच्या एका शेऱ्यावरून माणूस देश बदलतो, ही गोष्ट मी वर्गात सांगायचो. मुलं विचारायची, "सर, मग तुम्ही काहून नाही गेले?"

एक्समध्ये टेकडीवर सेझानचा स्टुडिओ आहे. तिथून आणखी चढ चढून गेलं की चित्रकारांची म्हणून राखलेली मोकळी जागा लागते. समोर सँत-व्हिक्तवार डोंगर. उंची साधारण हजार मीटर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या जवळपास. सेझाननं तो पुन्हा पुन्हा रंगवला, म्हातारपणापर्यंत. 1906 मध्ये उघड्यावर चित्र काढताना वादळात सापडला आणि त्या आजारपणातच गेला. तिथं तासभर बसा. झाडाचा हिरवा आणि खडकाचा करडा विसरायचा प्रयत्न करा. फक्त कुठला आकार कुठल्या आकारावर टेकलाय ते बघा. कार्तिए-ब्रेसाँला बांधणी म्हणजे काय म्हणायचं होतं, ते बसल्या जागी उमगायला लागतं.

शेवटी गोर्बिओ. नीसहून किनाऱ्याकिनाऱ्यानं माँतोंपर्यंत लोकल जाते, तिथून वर डोंगरात हे चिमुकलं दगडी गाव. रझा आणि त्यांची बायको जानीन माँजिया, त्याही चित्रकार, उन्हाळा तिथं काढायचे. चौकात 1713 साली लावलेलं एल्मचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी बसा आणि खाली समुद्राकडे बघा. मग स्वतःला विचारा, इतकं निळं, इतकं उजेडाचं गाव दारात असताना हा माणूस काळा ठिपका काय म्हणून काढत बसला? उत्तर तुमच्या मंडल्याच्या संध्याकाळीत असेल. नसेल तर यजमानांची माफी मागा आणि दोघंही छान जेवा.

प्रश्न : काका, आम्ही चार मित्र बाईकवर बाबरियाला जायचं म्हणतो. रूट कसा घ्यावा? पावसाळ्यात गेलं तर जमेल का? रील पण करायची आहे. (एक विद्यार्थी, वर्धा)

नागपूरहून जबलपूर हायवे धरा. मनसर, देवलापार, खवासा असं करत शिवनीपर्यंत रस्ता सरळ आहे. मध्ये पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचलून घेतलाय, खालून जनावरं जातात. तिथं थांबून फोटो काढू नका, मागून ट्रक येतात. शिवनीला उजवीकडे वळून केवलारी, नैनपूर करत मंडला. पहाटे पाचला निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचाल. शिवनीत नाश्ता करून घ्या. तर्री तिथं मिळणार नाही, पोह्यांवर शेव मिळेल. वाद घालू नका.

मी पहिल्यांदा 1988 मध्ये गेलो तो छोट्या गाडीनं. इतवारीहून छिंदवाडा, मग नैनपूर, मग मंडला फोर्ट. घरून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी पोचायचा. एका स्टेशनात इंजिनात पाणी भरेपर्यंत मी चहावाल्याचं स्केच पूर्ण करून त्याला देऊनही टाकलं होतं. ती अरुंद लाईन 2015 मध्ये बंद झाली, आता तिथं मोठी लाईन आहे.

पावसाळ्यात जा, पण अंधार पडल्यावर जंगलातून बाईक चालवू नका. कान्हा तेव्हा बंद असतं, त्यामुळं "वाघ पण बघू" हा बेत आत्ताच काढून टाका. जुलैच्या तेवीसला रझांचा स्मृतिदिन असतो. 2016 साली ते दिल्लीत गेले, चौऱ्याण्णव वर्षांचे होते. मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी आपल्याला पुरावं ही त्यांची इच्छा होती, आणि तसंच झालं. फाळणीनंतर भाऊबंद पाकिस्तानात गेले, हे राहिले. पॅरिसमध्ये साठ वर्षं काढूनही शेवटी गाडी मंडला फोर्टलाच आली. कब्रस्तानात गेलात तर चपला बाहेर, आवाज खाली आणि रील बंद. एवढं काकांचं ऐका.

त्या दिवसांत मंडल्यात रझा फाउंडेशनचा कार्यक्रम असतो. गावातले लोक, शाळेतली पोरं छत्र्यांवर आणि कुंड्यांवर रंगकाम करतात. एका वर्षी मीही छत्री घेऊन बसलो. मधोमध काळा बिंदू, भोवती गेरू आणि पिवळा. झकास झाली होती. दहाव्या मिनिटाला पाऊस आला. मी सवयीनं पोस्टर कलर वापरले होते. तो सगळा बिंदू ओघळत माझ्या पांढऱ्या शर्टावर आला. ही शेजारी उभी होती. म्हणाली, "एकतीस वर्षं दुसऱ्याच्या पोट्ट्यांना शिकवलं, अन् छत्रीवर पोस्टर कलर लावून राहिले?" तो शर्ट मी अजून टाकलेला नाही. तुम्ही ॲक्रिलिक न्या.

प्रश्न : त्रिकोण-चौकोन आणि मध्ये एक काळा गोळा. त्याला सोळा कोटी? माझा नातू याहून बरं काढतो. तुम्ही शिक्षक लोक उगाच भारावून जाता. (एक ज्येष्ठ नागरिक, प्रतापनगर)

साहेब, तुमचा आकडा जुना झाला. 'सौराष्ट्र' हे 1983 चं चित्र 2010 मध्ये लंडनच्या लिलावात 16 कोटी 42 लाखांना गेलं. 2023 मध्ये 'जेस्टेशन' नावाचं चित्र मुंबईत 51 कोटी 75 लाखांना गेलं. एवढ्यात आपल्या प्रतापनगरात काय काय येईल याचा हिशेब माझ्या जावयानं करून दाखवला. मला तो नको होता.

किमतीचं उत्तर माझ्याकडे मागू नका, माझं सगळ्यात महाग विकलेलं चित्र साडेतीनशे रुपयांचं आहे आणि ते मेहुण्यानं घेतलं. पण चित्राबद्दल एक सांगतो. 'सौराष्ट्र' दोन मीटर बाय दोन मीटर आहे. तुम्ही ते फोनवर बघितलं असणार, म्हणजे पुरणपोळीचा फोटो बघून चव सांगण्यासारखं. आणि हा माणूस सुरुवातीपासून गोळे काढत नव्हता. आधी काश्मीर-मुंबईची निसर्गचित्रं, मग फ्रान्समधली गावं, चर्चं. 1956 मध्ये तिथल्या समीक्षकांचं मोठं पारितोषिक त्यांना मिळालं, फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला पहिल्यांदाच. तिथं थांबून तीच तीच गावं काढली असती तरी आयुष्य मजेत गेलं असतं. नाव झालेलं असताना त्यांना वाटलं की यात आपलं काही नाही, आणि काकैयाच्या भिंतीकडे परत यायला त्यांना आणखी पंधरा-वीस वर्षं लागली. नातवाला अजून वेळ आहे, त्याला कागद देत राहा.

तरी एक कबूल करतो. शेवटच्या काळातले काही बिंदू मलाही सवयीनं काढलेले वाटतात. आवडत्या गवयाच्याही सगळ्याच मैफिली रंगत नाहीत.

प्रश्न : फ्रान्स, मंडला काहीच जमणार नाही, गुडघे दुखतात. मूळ चित्रं जवळ कुठं बघता येतील? (एक वाचक, अकोला)

मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, किंवा समोरच्या चौकातल्या वस्तुसंग्रहालयातला जहांगीर निकल्सन संग्रह. मांडणी बदलत असते, म्हणून जाण्याआधी फोन करून विचारा. भोपाळचं भारत भवनही चांगलं, पण तिथं पायऱ्या फार आहेत. तुमचे गुडघे बघता मुंबईच बरी.

प्रश्न : मी काटोलजवळच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीला शिकवते. रझांच्या गुरुजींची गोष्ट वाचून मुलांना भिंतीवरच्या ठिपक्याकडे दहा मिनिटं बघायला लावलं. निम्मी हसत होती, दोघं झोपली. माझं काय चुकलं? सहल मंडल्याला न्यावी का? (एक शिक्षिका, काटोल तालुका)

मॅडम, काही चुकलं नाही. चाळीस जणांना एकदम बसवलंत एवढंच. झारिया गुरुजींनी ते एकाच मुलाला, शाळा सुटल्यावर करायला लावलं होतं. घोळक्यात ठिपका दिसत नाही, शेजारच्याचं कोपर दिसतं. पाच-पाचच्या गटानं बसवा आणि वेळ तीन मिनिटांवर आणा. ठिपका खडूनं नको, कोळशानं काढा, मुठीएवढा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. बघून झालं की काय वाटलं ते विचारू नका. ते सगळ्यांना येतं आणि सगळ्यांचं सारखं येतं. कागद द्या आणि ठिपका सोडून डोळ्यांना जे जे दिसलं ते काढायला सांगा. नजर स्थिर झाली की कडेच्या गोष्टी हलायला लागतात. भिंतीचे पोपडे, खिळा, उन्हाची तिरीप. मला स्वतःला हे साठीनंतर कळलं, फुटाळा तलावाच्या पाळीवर बसून पाण्यातल्या एका बुचाकडे बघताना.

सहल मंडल्याला नेऊ नका. एवढा प्रवास करून पोरं थकतात, घाटावर कोण कुठं गेलं हे मोजण्यात तुमचा दिवस जातो आणि अर्धी उलट्या करतात. त्यापेक्षा संत्र्याच्या बागेत न्या. काटोलची मुलं रोज बागेवरून जातात, तिच्यात शिरून कोणी बसलेलं नसतं. फांद्यांमधली मोकळी जागा काढायला सांगा, पानं नाही.

मॅडमनी पाकिटात वर्गातल्या एका मुलाची चिठ्ठीही घातली आहे. वहीचा फाडलेला कागद, निळी शाई.

प्रश्न : सर, मी ठिपक्याकडे बघत होतो. चार मिनिटं झाली तेव्हा भिंतीवर एक पाल आली. मग मी पालीकडेच बघितलं. मॅडम रागावल्या नाहीत. पण माझं चुकलं का?

नाही रे बाबा. पाल कुठून निघाली, ठिपक्याच्या कुठल्या बाजूनं गेली आणि कुठं थांबली, ते काढून पाठव. पेन्सिलनं काढ, रंगांची घाई नको.